सात नंबरचा बेड रिकामा नाही

मी इंजिनिअर नाही, हे आधीच सांगून टाकते. श्रीरामपुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी केसपेपर लिहायला लागले ती दहावी आणि टायपिंगच्या जोरावर. पुढे कॉम्प्युटर आला. तो कोणालाच नको होता, म्हणून माझ्या टेबलावर आणून ठेवला, आणि तसा जन्मभर माझ्याच गळ्यात पडला. लिनक्स नावाची सर्व्हर चालवायची सिस्टीम मी शिकले ती मांडीवर पुस्तक ठेवून आणि मशीन बिघडवून. आपलं बिघडलेलं दुरुस्त करता करता दुसऱ्यांचंही करायला लागले. कोपरगावपासून नगरपर्यंत कोणाचा सर्व्हर सकाळी उठेनासा झाला की फोन यायचा, "रूथबाई, जरा येऊन बघता का?" मीही डबा भरून एसटीत बसायचे.

लोकांना वाटतं, डिस्क मेली की मोठं संकट. अहो, मेलेली डिस्क परवडली. ती गप्प पडून असते. मला आजही भीती वाटते ती दोन नकाशे असलेल्या डिस्कची.

समजावून सांगते. डिस्क म्हणजे एक सलग रान. त्यात बांध कुठे, कोणाचा तुकडा कुठून कुठवर, हे रानाकडे बघून कळत नाही. ते एका छोट्याशा नकाशात लिहिलेलं असतं, त्याला पार्टिशन टेबल म्हणतात. मशीन सुरू झालं की आधी नकाशा वाचतं आणि मगच रानात शिरतं. नकाशात जे नाही ते मशीनच्या लेखी जगातच नाही. आता अलीकडच्या पद्धतीत या नकाशाच्या दोन प्रती असतात, एक डिस्कच्या अगदी सुरुवातीला आणि दुसरी पार शेवटच्या टोकाला. जुन्या पद्धतीत एकच, सुरुवातीला. तुम्ही वापरलेली डिस्क घेतली आणि जुन्या पद्धतीने तिच्यावर आपला नकाशा काढला, तर सुरुवातीची प्रत पुसली जाते. शेवटची तशीच राहते. तिकडे कोणी बघतच नाही. ती वर्षानुवर्षं पडून असते, आधीच्या मालकाचे बांध लक्षात ठेवून.

नगरला एक फोटो स्टुडिओवाले होते. त्यांची डिस्क एका कॉम्प्युटरला लावली की लग्नं दिसायची आणि दुसऱ्याला लावली की कुठल्यातरी कारखान्याचे हजेरीपट. ते मला हात जोडून म्हणाले, "बाई, हिच्या अंगात येतंय हो." अंगात काही येत नव्हतं. एक कॉम्प्युटर सुरुवातीचा नकाशा वाचत होता, दुसरा शेवटचा. मी हसत हसत शेवटचा पुसला, चहा प्यायले आणि घरी आले. तेव्हा हसू येत होतं.

आता जी गोष्ट सांगायला बसले ती माझ्याच दवाखान्याची, आणि चूकही माझीच.

नऊ वर्षांपूर्वी आमचा आधीचा सर्व्हर थकला. त्याची डिस्क चांगली होती, म्हणून मी ती काढून नव्या मशीनला लावली. आतलं सगळं आधी दुसरीकडे उतरवून घेतलं, डिस्कवर जुन्या पद्धतीने नवा नकाशा काढला, पुढच्या अर्ध्या भागात रेकॉर्ड परत ठेवलं आणि मागचा अर्धा भाग पडीक सोडला, पुढे लागेल म्हणून. घरात साडी नेसतानासुद्धा मी निऱ्या जास्त ठेवते, तसा स्वभाव. त्या पडीक भागात आधीच्या मशीनचं रेकॉर्ड जसंच्या तसं होतं, त्या दिवशी थांबलेलं. मी ते पुसलं नाही, आणि शेवटच्या टोकाचा त्याचा नकाशाही नाही. वर दोन्ही तुकड्यांना नाव एकच दिलेलं, 'रेकॉर्ड'. मशीनला सांगून ठेवलेलं, की सुरू झालास की 'रेकॉर्ड' नावाचा तुकडा शोध आणि उघड.

मग रिटायर व्हायच्या आदल्या दिवशी, सगळं नीटनेटकं सोपवून जावं म्हणून मी डिस्क तपासायला घेतली. तपासणीच्या प्रोग्रामने मला विचारलं, मुख्य नकाशा खराब दिसतो, शेवटची प्रत शाबूत आहे, प्रतीवरून मुख्य नकाशा दुरुस्त करू का? आता आमच्या रेकॉर्ड रूमचा नियम काय? मूळ कागद भिजला, फाटला, तर कार्बन कॉपी खरी धरायची. तीस वर्षं तेच केलेलं. मी 'हो'चं बटण दाबलं. खाली उत्तर आलं: लिहिलं आहे, पण मशीन सध्या आधीचाच नकाशा वापरत आहे, बदल पुढच्या वेळी सुरू होताना लागू होईल. मी म्हटलं, बरं. दुसऱ्या दिवशी शाल-श्रीफळ घेतलं आणि घरी गेले.

सर्व्हर काही रोज बंद होत नाही. तो डोक्यात बसलेल्या नकाशाने चालत राहतो. आठ महिने पेशंट आले, बरे झाले, बाळं जन्मली, सगळ्यांची नोंद होत राहिली, आणि ज्या नकाशाच्या भरवशावर ती होत होती तो डिस्कवर उरलाच नव्हता.

आमच्याकडे सर्व्हर बंद होतो तो वर्षातून एकदा, खंडेनवमीला. आम्ही चर्चला जाणारी माणसं, घरी खंडेनवमी नसते. पण दवाखान्यातली पूजा मी कधी चुकवली नाही, आणि रिटायर झाले तरी मला बोलावणं आलंच. एक्स-रेचं मशीन, अवजारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह, रुग्णवाहिका, सर्व्हर, सगळ्यांना पुसून गंध-फूल. मी स्वतः सर्व्हर बंद केला, ब्रशने जाळीतली धूळ काढली. दगडूमामांनी झेंडूचा हार घातला. दगडूमामा म्हणजे आमचे स्ट्रेचर ओढणारे, दवाखान्यात माझ्याही आधीपासून. अकराच्या सुमाराला मी बटण दाबलं. कुरकुर न करता मशीन उठलं. स्क्रीनवर तीच दवाखान्याच्या नावाची पाटी, तोच प्रोग्राम. पेढा खाल्ला.

अर्ध्या तासाने स्वयंपाकघरातून कमलमावशी आल्या, हातात लांबलचक कागद. पेशंटच्या जेवणाच्या चिठ्ठ्या रोज त्या वेळी त्यांच्या प्रिंटरवर आपोआप निघतात.

"बाई, एवढी माणसं कधी भरती झाली? सकाळी मी मोजलीत, एकोणीस हायेत. ह्याच्यावर एकतीस. मी आपला तांदूळ वाढवून टाकलाय."

कागद हातात घेतला. सात नंबर, पेज. बारा नंबर, मऊ भात, बिनमिठाचं वरण. तारीख आजची. आणि प्रत्येक नावापुढे 'दाखल होऊन झालेले दिवस' म्हणून एक रकाना असतो, त्यात एरवी दोन, चार, फार तर पंधरा. इथे सगळीकडे तीन हजारांच्या वर.

दगडूमामांनी चष्मा लावला आणि एकेका नावावर बोट ठेवत गेले. "ह्यो बरा हून गेला, परवा बाजारात दिसला. ह्या बाई गेल्या. ह्ये बी गेले, मीच गाडीत घातलं. ह्यो…" बोट थांबलं. "बाई, ही तवाची माणसं हायेत. ही कुठून आली?"

कमलमावशी हळूच म्हणाल्या, "पित्रांचा पंधरवडा तर कवाच सरला की वो."

भर दुपार होती, खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं. मला एका क्षणात कळलं होतं काय झालंय. मशीनने शेवटच्या टोकाचा नकाशा वाचला होता. त्यात 'रेकॉर्ड' नावाचा तुकडा मिळाला, तो उघडला, आणि नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस जसा थांबला होता तसा पुन्हा सुरू केला. आजचं रेकॉर्ड होतं, पण त्याच्याकडे जाणारी वाट कोणत्याच नकाशात नव्हती.

तरी वाटलं, सावकाश बसून काढू. तेवढ्यात डॉक्टर मॅडम जवळजवळ पळतच आल्या.

"रूथताई, दुर्मिळ रक्ताची यादी उघडा. सविताला लागणारे."

सविता म्हणजे सात नंबरची बाळंतीण. पहाटे मुलगी झाली होती, आणि नंतर रक्त जायला लागलं. मॅडमनी कसंबसं थांबवलेलं. पण अंगात थोडंच उरलं होतं, आणि पुन्हा सुरू झालं तर हाताशी पिशवी नसली की संपलं. तपासणीत तिचा गट निघाला बॉम्बे. हा गट दिसायला ओ सारखा, पण त्याला ओ रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बेच लागतं. हजारोंत एखाद्याला काय ते. मॅडमनी पुण्याला, नाशिकला फोन लावून झाले होते. उद्या सकाळपर्यंत मिळेल, म्हणाले. सकाळपर्यंत थांबायची सोय नव्हती. म्हणून आमच्या रक्तपेढीची यादी. जिल्ह्यातली त्या गटाची माणसं आम्ही वर्षानुवर्षं जोडत आणलेली, आणि ती यादी होती याच मशीनमध्ये.

मॅडमनी सवितालाच आधी शोधलं. नाव नाही. पुन्हा दाखल करायला गेल्या तर स्क्रीनवर आलं: सात नंबरचा बेड रिकामा नाही. आणि खाली दुसऱ्याच बाईचं नाव, जनाबाई.

"ही कोण?" मॅडमनी विचारलं. त्या आमच्याकडे येऊन चारच वर्षं झालेली.

दगडूमामा म्हणाले, "तवाबी सात नंबरला बाळंतीणच हुती."

"मग? काय झालं तिचं?"

मामा खाली बघत चष्मा पुसायला लागले.

बॅकअप होता. वेगळ्या डिस्कवर, मॅनेजरसाहेबांच्या लोखंडी कपाटात. साहेब तुळजापूरला आणि किल्ली त्यांच्या खिशात. दोघं वॉर्डबॉय पहार घेऊन त्या कपाटाच्या मागे लागले होते, आवाज खालपर्यंत येत होता.

मी मॅडमना सांगितलं, "चूक माझी आहे. कशी ते नंतर सांगते. या जुन्या यादीतसुद्धा तीन नावं आहेत, आधी त्यांना फोन लावते."

पहिला नंबर बंद. दुसरे गृहस्थ मुलाकडे परदेशात. तिसरं नाव एका गुरुजींचं, राहुरीकडचे. फोन त्यांच्या पत्नीने उचलला.

"गुरुजी आहेत का? दवाखान्यातून बोलतेय. रक्त लागतंय."

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं.

"कोण, रूथबाई का?"

"हो, वहिनी."

"अहो, तुम्हीच तर त्यांचं नाव काढलं ना यादीतून? पाच वर्षं झाली. मीच सांगायला आले होते, तुम्ही माझ्यासमोर पुसलं. मग परत कसं आलं?"

आठवलं मला. त्या समोर बसल्या होत्या, पदर डोळ्यांना लावून, आणि मी नाव पुसताना म्हटलं होतं, झालं वहिनी, आता तुम्हाला इथून फोन येणार नाही.

"माझ्या चुकीने आलं," मी म्हटलं. "माफ करा."

"बाई कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"बाळंतीण आहे."

"मग फोन ठेवा, वेळ घालवू नका."

मी मशीनपुढे बसले. तेवढ्यात सविताची सासू, भामाबाई, दारात येऊन उभी राहिली. तिला कोणीतरी सांगितलं असावं, की कॉम्प्युटर बिघडला म्हणून रक्त मिळंना.

"बाई, त्यो डबा मरू द्या की. तुमास्नी एक बी नाव तोंडपाठ न्हाई?"

बोलणं सुरीसारखं लागलं, कारण खरं होतं. पूर्वी रजिस्टर होतं तेव्हा मला नंबर पाठ असायचे.

"दोन नावं पुसट आठवतात, नंबर नाही. अर्धा तास द्या मला."

"अर्ध्या तासात तिला काय झालं तर?"

"मामा, यांना सविताजवळ बसवा," मी म्हटलं आणि कीबोर्ड पुढे ओढला.

आता हे काम कसं करतात ते सांगते, कारण घाईत माणूस इथेच फसतो. पहिलं, मशीनला 'रेकॉर्ड' बंद करायला लावलं, म्हणजे ते कुठेही काही लिहिणार नाही. दुसरं, डिस्कच्या सुरुवातीची आणि शेवटाची थोडी थोडी पट्टी जशी आहे तशी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. कितीही घाई असली तरी ही पायरी सोडायची नाही. मग शोध. नकाशा हरवला तरी तुकडा स्वतः आपल्या तोंडाशी लिहून ठेवतो, की मी इथून सुरू होतो आणि माझी लांबी इतकी. ती खूण सापडली पाहिजे. जिथे असायला हवी तिथे वाचलं. होती. लांबी वाचली, कागदावर लिहिली, दोनदा हिशेब केला, तिसऱ्यांदा मॅडमच्या कॅल्क्युलेटरवर केला. एक आकडा इकडेतिकडे झाला असता तर बांध भलत्याच ठिकाणी पडला असता. मग सुरुवातीचा चुकीचा नकाशा खोडून खरा नकाशा हाताने लिहिला. शेवटच्या टोकाला तेव्हा हात लावला नाही. घाईत एका वेळी एकच टोक.

आणि मग आजच्या रेकॉर्डचा तुकडा उघडला, फक्त वाचायला. स्क्रीन काळी झाली, क्षणभर तशीच राहिली, आणि पाटी आली. मी सात नंबर दाबला.

सविता.

मागे दगडूमामांनी मोठ्याने श्वास सोडला.

यादीत दोनच माणसं होती. नगरच्या एमआयडीसीतल्या एकाने मागच्याच महिन्यात रक्त दिलेलं, त्याचं लगेच घेता येत नाही. दुसरा लहानू, भंडारदऱ्याला पर्यटकांना तंबू भाड्याने देणारा. त्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरांत, म्हणजे माझ्याच टायपिंगमध्ये लिहिलेलं: फोनला रेंज नसते, वरच्या चहाच्या हॉटेलात सांगणे. त्या हॉटेलाचा नंबर खाली.

हॉटेलवाला म्हणाला, "त्यो पान्याकडं गेलाय, खुट्ट्या ठोकायला. थांबा, हाक मारतो." आणि त्याने फोन न ठेवताच डोंगरभर ओरडायला सुरुवात केली.

लहानू आला तो मुंबईच्या कुठल्यातरी पाहुण्याच्या गाडीतून. तंबूतला गिऱ्हाईक, त्यानेच गाडी काढली म्हणे. अकोले, संगमनेर करत पाचच्या आत दवाखान्यात. पायाला अजून चिखल. "बाई, दोन घ्या लागल्या तर, पर मला लवकर सोडा, तंबूत मानसं हायेत." म्हटलं, बाबा, एकच घेता येते. तपासण्या झाल्या, पिशवी तयार झाली. साडेसहाला सविताचं पुन्हा रक्त जायला लागलं. त्या वेळी पिशवी लावलेली होती. सकाळी पुण्याहून आणखी दोन आल्या. कपाट तोवर उघडलं नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी, सगळं शांत झाल्यावर, मी शेवटचं टोक पुसायला बसले. जुन्या दिवसाचं सगळं चालत्या रेकॉर्डमध्ये कधीच नोंदलेलं होतं, हरवणार काही नव्हतं. तरी हात उचलेना. दगडूमामा शेजारी येऊन उभे राहिले.

"ह्यास्नी आता कुठं धाडनार?"

"कुठंच नाही मामा. फक्त नकाशा पुसायचा. ती माणसं डिस्कवर तिथेच राहतील, तिथली वाट पुसली जाईल."

"म्हंजे पडून ऱ्हानार, आन कुनाला दिसनार न्हाई?"

"हो."

मामांनी टोपी काढली. मी बटण दाबलं. प्रोग्रामने विचारलं, नक्की? या वेळी मी प्रश्न तीनदा वाचला, मग उत्तर दिलं. नंतर मात्र मला तेही पटेना, म्हणून त्या पडीक भागावर मी शून्यं लिहून सगळं कायमचं पुसलं, त्याला दुपार गेली. मामा घरी जायची वेळ होऊनही बसून होते. जनाबाईचं काय झालं ते त्यांनी मला त्या दुपारी सांगितलं. मी इथे लिहिणार नाही.

आठव्या दिवशी सविता घरी निघाली. ओठांना रंग आला होता. भामाबाईच्या हातात बाळ आणि माझ्यासाठी पिशवीत भुईमुगाच्या शेंगा. सविता म्हणाली, "बाई, त्या भाऊंसारखं माझं बी नाव घ्या यादीत. माझंबी रक्त तसलंच की."

"आत्ता नाही चालणार. तू अंगावर पाजतेस. वर्ष-दीड वर्ष जाऊ दे, मग तपासून बघतील."

"मग लिहून तर ठेवा."

मी लिहिलं. गाव, नंबर, कधीपासून विचारायचं. तिला म्हटलं, "फोन लागला नाही तर कोणाला सांगू?"

"आत्याबाईंना."

"मी आनीन की तिला," भामाबाई म्हणाली. "न्हाई म्हनली तर उचलून आनीन."

यादीचा कागद छापून रक्तपेढीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. मग दोघींना म्हटलं, जरा बसा. चहा मागवला. त्यांच्यासमोर मी सर्व्हर बंद केला. पंखा थांबला, दिवे विझले. भामाबाई घाबरून म्हणाली, "आता काय केलं?" मी पुन्हा बटण दाबलं आणि हाताची घडी घालून उभी राहिले. मशीनने नकाशा वाचला, तुकडा शोधला, उघडला. मी यादी काढली. लहानू, नगरचा माणूस, आणि खाली तिसरं नाव, सविता.

"आहेस गं," मी म्हटलं. "जा आता."